लाल चौकोन

मे महिन्यात पुण्याहून नातू आला होता. ओटीवर बसून मोबाइलवर सुडोकू सोडवत होता. "आजी, बघ, सहा मिनिटांत!" मी कौतुकाने शेजारी जाऊन बसले आणि बघतच राहिले. पठ्ठ्या एका घरात ३ टाकायचा. घर लाल झालं की ४, पुन्हा लाल झालं की ७. लाल नाही झालं की पुढे! "अरे, पण सातच का?" असं विचारलं, तर म्हणतो, "लाल झालं नाही म्हणून."

मंडळी, याला कोडं सोडवणं म्हणत नाहीत. जुडग्यातल्या सगळ्या किल्ल्या एकेक करून कुलपाला लावून बघणं म्हणतात.

दोष मी नातवाला देत नाही. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीला आपणही हेच शिकवतो. चार पर्याय आहेत ना, एकेक घालून बघा, जुळेल त्यावर खूण करा. मीही वर्षानुवर्षं शिकवलं आहे, नाकारत नाही. वेळ वाचतो, गुण मिळतात. फक्त "का?" या प्रश्नाचं उत्तर मुलाकडे नसतं.

कागदावर चुकीचा आकडा लाल होत नाही. गुपचूप बसून राहतो. पाच-सहा घरं पुढे गेल्यावर एका ओळीत दोन पाच येतात आणि मग कळतं, आपण मागेच कुठेतरी घसरलो. कुठे? ते शोधत उलट जावं लागतं. माझ्या मते खरं शिक्षण त्या उलट्या वाटेवर होतं, आणि तो लाल चौकोन नेमकी तीच वाट बंद करतो.

पोलादपूर तालुक्यात शिकवत होते तेव्हाची गोष्ट. शनिवारी शेवटच्या तासाला मी फळ्यावर स्वतः रचलेलं कोडं घालायचे. एकदा लिहिलं: गोपाळ, यशवंत आणि सीताराम यांतला एक महाडचा, एक पोलादपूरचा, एक बिरवाडीचा. गोपाळ महाडचा नाही. यशवंत पोलादपूरचा नाही. सीताराम बिरवाडीचा नाही. तर कोण कुठला?

वरच्या वाडीतून चालत येणारी एक मुलगी उभी राहिली. "बाई, गोपाळ पोलादपूरचा धरला तरी जमतं आणि बिरवाडीचा धरला तरी जमतं." फळ्यावर मांडून पाहिलं. पहिल्यात यशवंत बिरवाडीचा, सीताराम महाडचा. दुसऱ्यात यशवंत महाडचा, सीताराम पोलादपूरचा. दोन्ही बरोबर! घाईघाईने मी चौथी अट घातली: यशवंत महाडचाही नाही. तर ती म्हणते, "मग बाई, सीतारामची अट पुसा. तिचं आता काय काम?" खरंच होतं. यशवंत बिरवाडीचा ठरला की गोपाळ पोलादपूरचा, आणि उरलेलं महाड सीतारामचं.

पुढच्या शनिवारपासून मी कोडी घालणं बंद केलं. मुलांनी रचायची. नियम तीन: उत्तर एकच हवं, एकही अट फालतू नको, आणि रचणाऱ्याने "का" ते सांगितलं पाहिजे.

माझा भाचा कॉम्प्युटरवाला. तो म्हणतो, "मावशी, मशीन क्षणात ढीगभर कोडी काढतं, आणि उत्तर एकच असल्याची खात्रीही देतं." मान्य. सुडोकूत एकच उत्तर यायला किमान १७ आकडे दिलेले लागतात, हे २०१२ साली डब्लिनच्या गॅरी मॅक्ग्वायर यांच्या चमूने दाखवलं, तेही संगणकाच्याच जोरावर. माणसाच्या हातून ते झालं नसतं. पण उत्तर एकच असणं वेगळं आणि त्या उत्तरापर्यंत अंदाज न करता जाणारी वाट असणं वेगळं. ज्या जपानी निकोली प्रकाशनाने १९८४ मध्ये हे कोडं आपलंसं करून सुडोकू केलं, ते हाताने रचलेल्या कोड्यांसाठीच नावाजलं गेलं. आणि लांब कशाला जायचं? देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ६१७४ ची गंमत शोधली ती आकडेमोड करत करतच. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतंच. करून बघा, पण कागदावर!

मुलांनी रचलेल्या कोड्यांच्या वह्या मी जपून ठेवल्या होत्या. जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या घरात पाणी शिरलं आणि त्यांचा लगदा झाला. गोपाळ-यशवंताचं कोडं तेवढं पाठ आहे. कारण ते चुकलं होतं.

तेव्हा आईबाबांनो, तो लाल रंग बंद करता येत असेल तर करा. हातात पेन्सिल आणि खोडरबर द्या. उत्तर बरोबर आलं तरी "सातच का?" विचारा. आणि दहा सोडवून झाली की एक रचायला सांगा.

नातवाने पहिल्या दिवशी पेन्सिल फेकली. चौथ्या दिवशी स्वतः कोडं रचून मला दिलं. त्याला दोन उत्तरं आहेत. मी अजून सांगितलेलं नाही.

शोधू दे.