लोणारचा बॅक्टेरिया फाइलमध्ये जगत नाही

आपल्या आयटीवाल्यांना एक खोड आहे. कुठलीही गोष्ट डेटामध्ये आली की ती 'सेव्ह' झाली असं वाटतं. हल्ली हेच लॉजिक बॅक्टेरियांनाही लावतात. डीएनए वाचा, सिक्वेन्स अपलोड करा, विषय संपला. जंतू वाढवत बसायची कटकट कशाला?

साफ चूक!

आपल्या वऱ्हाडातलं लोणारच घ्या. उल्केच्या आघातानं झालेलं सरोवर, पाणी खारट आणि सोड्यासारखं अल्कधर्मी. तिथल्या पाण्यात मिळालेल्या 'इंडिबॅक्टर अल्कलिफिलस'चं वर्णन २०१० साली प्रसिद्ध झालं. नुसती जाती नाही, तिच्या वरची पायरी, म्हणजे प्रजातीसुद्धा नवी!

हे ठरवतात कसं? आधी १६एस जीन ताडून पाहतात. ओळखीच्या जातींशी साम्य साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली गेलं, की नवं काही असण्याची शक्यता. पण तेवढ्यावर भागत नाही. तो किती मीठ सोसतो, कोणत्या पीएचला वाढतो, काय खातो, हे जिवंत कल्चरवरच कळतं. शिवाय जुन्या नियमावलीनुसार नाव मान्य व्हायचं, तर कल्चर दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावंच लागतं. ऑफसाइट बॅकअप हो! निदान आपल्याला तरी याचं महत्त्व कळायला हवं.

२०२२ साली आलेला 'सीक्वकोड' नुसत्या जीनोमवरून नाव देऊ देतो. बहुतेक बॅक्टेरिया अजून लॅबमध्ये वाढवता आलेले नाहीत, त्यांच्यासाठी हे ठीकच. पण जो वाढतो, त्याच्यासाठी ही पळवाट नको. सोर्स कोड आहे, पण रन करायला मशीनच नाही, तर काय उपयोग?

आणि घाई आहे. जून २०२० मध्ये लोणार गुलाबी झालं. पाणी आटलं, खारटपणा वाढला, मीठप्रेमी सूक्ष्मजीव माजले. पुण्याच्या आघारकर इन्स्टिट्यूटनं तपासून तेच सांगितलं. आपण मात्र फोटो फॉरवर्ड करून मोकळे! पाणी बदललं की आतली वस्तीही बदलते, हे त्यातून शिकायचं होतं.

पुण्यात २००९ पासून सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह उभा राहिलाय. असल्या कामाला 'नुसतं फ्रीझरचं बिल' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना एकच प्रश्न. उद्या लोणारमधून एखादी जाती कायमची गेली, तर रिस्टोअर कशावरून करणार? पीडीएफवरून?