होजिअरीचे कापड उलटून पाहा

गेल्या वर्षी शाळेच्या क्रीडादिनासाठी मुलींचे टी-शर्ट शिवून घ्यायचे ठरले. कापड आम्हीच आणले. किलोवर मिळाले, स्वस्त वाटले. गल्लीतल्या खालांनी घरच्या मशीनवर, रोजच्याच सुईने बावीस नग शिवून दिले. पहिल्याच धुण्यात ते आखूड झाले, बाजूची शिवण फिरून पोटावर आली आणि काहींना शिवणीजवळ बारीक भोके पडून धागे सुटू लागले. बोल मात्र खालांना लागले. त्यांनी मजुरीच घेतली नाही. खरी चूक आमची होती.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत आपण लुंगीचे कापडही विणतो आणि स्वेटरही विणतो. उर्दूत दोन्हींना ‘बुनना’च म्हणतात. पण मालेगाव-भिवंडीच्या मागावर ताणा आणि बाणा असतो, म्हणजे उभे धागे ताणलेले आणि आडवा धागा त्यांच्या वर-खाली जाणारा. होजिअरीत धाग्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढलेला असतो, दादीजान दोन सुयांवर ओढायच्या तसाच. म्हणून हे कापड ओढले की रुंदावते, सोडले की परत येते. मोजे विणायचे यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ साली केले. आज आपल्या बाजारातला बराचसा सुती माल तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येतो.

आम्ही आणलेले कापड सिंगल जर्सी होते. ते ओळखणे सोपे आहे: सुलट बाजूला फासांच्या उभ्या रांगा, इंग्रजी व्ही एकावर एक ठेवल्यासारख्या, उलट बाजूला छोट्या अर्धचंद्रांच्या आडव्या ओळी. कापली की कड गुंडाळी होते. एक फास तुटला की शिडीसारखी रेघ उसवत जाते. हलके, मऊ, अंगाबरोबर पडणारे, म्हणून मुलींना जर्सीचा हिजाब आवडतो. हिजाबासाठी ते उत्तमच. पण धाग्याला पीळ असतो, तो धुतल्यावर कापडाला तिरके ओढतो. टी-शर्टाची शिवण फिरते ती यामुळेच.

इंटरलॉक दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. दोन रिब एकमेकांत गुंतवल्यासारखी त्याची वीण असते. ते सपाट राहते, कड वळत नाही, फारसे पिरगळतही नाही. धागा जास्त लागतो, म्हणून महाग. बाळाच्या कपड्यांना आम्ही हेच घेऊ. रिबला उभ्या पन्हाळ्या असतात आणि ते आडवे खूप ताणते, म्हणून गळ्याला आणि मनगटाला लावतात. कॉलरवाल्या टी-शर्टाचे खडबडीत मॅटी आणि आतून लव काढलेले फ्लीस तर सगळ्यांच्या ओळखीचे. ओढण्यांची बरीचशी नेट मात्र वेगळ्या यंत्रावरची, उभ्या धाग्यांनी विणलेली असते. ती सहसा उसवत नाही.

दुकानदार ‘जीएसएम’ सांगतो, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन ग्रॅममध्ये. दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा कापा, सराफाच्या काट्यावर तोला, शंभराने गुणा. दीड ग्रॅम भरला तर १५०. आता हिशेब पाहा: १५० जीएसएमच्या किलोत साधारण साडेसहा चौरस मीटर कापड येते, २००च्या किलोत पाच. किलोचा भाव ऐकून आम्ही खूश झालो होतो, मीटर मोजलेच नाहीत.

आखूड होण्याचे कारणही समजले. कारखान्यात कापड ओढलेल्या स्थितीत गुंडाळले जाते; पाणी लागताच फास आपल्या मूळ आकारावर येतात. म्हणून कापण्याआधी धुवावे, आणि दोरीवर न टांगता पसरून वाळवावे. सुई गोल टोकाची हवी. ती धागा न तोडता बाजूला सारते. टाका नागमोडी हवा, सरळ टाका ताणात तुटतो.

यंदा आम्ही खालांना बरोबर घेऊनच दुकानात गेलो. त्यांनी कापड ताणून, उलटून पाहिले, कड वळते का ते पाहिले आणि इंटरलॉक घ्यायला लावले. दुकानदार वैतागला. टी-शर्ट तयार झाले, दोन-तीनदा धुऊनही झाले, शिवण जागेवर आहे. मजुरी देताना गेल्या वर्षीच्या बावीस नगांचे पैसेही आम्ही त्यात घातले. खालांनी ते मोजले आणि काही न बोलता बटव्यात ठेवले.