पोट दुखतंय म्हणणारा मुलगा

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पहाटे उठून ‘पोट दुखतंय’ म्हणतो, तेव्हा पोटच दुखत असतं असं नाही. वृषणाला पीळ पडला की कळ जांघेतून ओटीपोटात जाते, मळमळतं, उलट्या होतात. शिवाय मुलगा लाजतो. आईला तर मुळीच सांगत नाही. मग घरात ओवा होतो, रात्रीच्या पाणीपुरीला शिव्या बसतात आणि सकाळी दवाखान्यात अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन मिळतं. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, असं आपण हसत म्हणतो. इथे जावईही नसतो, तरी तोंड उघडत नाही.

एरवी वृषण पिशवीच्या आतल्या बाजूला मागून चिकटलेलं असतं. काही मुलांत ही पकड जन्मतःच नसते आणि ते घंटेतल्या लोलकासारखं लोंबतं. वयात येताना त्याचं वजन वाढतं आणि एखाद्या रात्री झोपेतच ते स्वतःभोवती फिरतं. रक्तवाहिन्यांना पीळ बसतो, रक्त थांबतं. १२ ते १८ हे मुख्य वय. नवजात बाळांतही हे घडतं. ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर १० पैकी ९ वृषणं वाचतात. १२ तासांनंतर साधारण निम्मीच. २४ तास उलटले की फारशी आशा नाही. आणि हे तास कळ सुरू झाल्यापासून मोजायचे, केसपेपर काढल्यापासून नव्हे.

आमच्या व्यवसायबंधूंना जरा स्पष्ट सांगतो. ओटीपोट दुखणाऱ्या मुलाची चड्डी न उतरवता केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे. पडदा ओढा, वडिलांना जवळ उभं करा, पण बघा. दुखऱ्या बाजूचं वृषण वर ओढलेलं, आडवं झालेलं दिसतं. मांडीच्या आतल्या बाजूला बोट हलकेच ओढलं की निरोगी वृषण टुणकन वर सरकतं. पीळ पडलेलं बहुधा हलत नाही. २०१३ साली मांडलेली ‘ट्विस्ट’ नावाची ७ गुणांची मोजणी याच खुणांवर उभी आहे: सुजेचे २, कडकपणाचे २, मळमळ किंवा उलटी, न हलणं आणि वर सरकलेलं असणं यांचा प्रत्येकी १. यातल्या एकाही गुणाला यंत्र लागत नाही.

म्हणूनच सोनोग्राफीसाठी खोळंबणं मला पटत नाही. रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी हाताशी असेल आणि निदान खरोखर धूसर असेल, तर जरूर करा. कारण अशी कळ इतर कारणांनीही येते. सात ते बारा वयाच्या मुलांत बऱ्याचदा वृषणाजवळच्या एका छोट्या कोंबालाच पीळ पडतो, कधी त्वचेखाली निळसर ठिपका दिसतो. तो विश्रांती आणि वेदनाशामक गोळ्यांवर बरा होतो. गालगुंडानंतरची सूज आणि लघवीच्या मार्गातून आलेला जंतुसंसर्गही असतो. पण लक्षणं चोख असताना शनिवारी संध्याकाळी तालुक्याच्या गावात सोनोलॉजिस्टची वाट बघत मुलाला झोपवून ठेवणं म्हणजे वृषण हातचं घालवणं. उघडून पाहिलं आणि पीळ निघाला नाही, तर बिघडलं काय? एक छोटा टाका.

पिशवी उघडल्यावर दिसतं ते वृषण जांभळं-काळं असतं. पीळ सोडवायचा, कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये ते गुंडाळायचं आणि थांबायचं. थिएटरमध्ये कुणी बोलत नाही, सगळे घड्याळाकडे आणि गॉजकडे बघतात. गुलाबी छटा परतली तर ते टाक्यांनी जागेवर बसवायचं. नाही परतली तर काढून टाकावं लागतं. दुसऱ्या बाजूचं वृषणही त्याच वेळी टाक्यांनी पक्कं करायचं, कारण जन्मजात ढिलाई बहुतेकदा दोन्हीकडे असते. हे टाळणाऱ्या सर्जनला माझ्याकडे माफी नाही. एक वृषण गेलं तरी पुरुषत्वाला धक्का लागत नाही आणि दुसरं चांगलं असेल तर मूल होण्यातही सहसा अडचण येत नाही, हे मात्र बाहेर रडणाऱ्या आजीला आधी सांगावं.

यासाठी बालशल्यविशारदच हवा असं नाही. उपजिल्हा रुग्णालयातला जनरल सर्जन आणि भूलतज्ज्ञ पुरेसे आहेत. भामरागडहून नागपूरला पाठवलेल्या मुलाचे मोलाचे तास रस्त्यातच जातात. वाटेत जिथे सर्जन आणि भूल मिळेल तिथे थांबावं. आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या अधीक्षकांनाही हे ठाऊक हवं. तिथे रात्री मुलगा कळवळला तर बाम चोळून सकाळची वाट पाहिली जाते.

पालकहो, मुलाला साध्या शब्दांत एकदा सांगून ठेवा: तिथे अचानक दुखलं तर लगेच उठवायचं. क्रिकेटचा बॉल लागल्याची कळ तासाभरात ओसरायला हवी. नाही ओसरली तर मार समजून बसू नका. कळ आपोआप येऊन जात असेल तरीही दाखवा, पीळ पडून सुटत असू शकतो. मध्यरात्री निघाल तेव्हा मुलाला काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल. १०८ला फोन करा आणि रुग्णालयाला एकच विचारा: सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर आत्ता आहेत का?

(लेखक बालशल्यविशारद आहेत.)