पासिंग झाले, गाडीचे काय?

कुंभार्ली घाट उतरताना जळक्या रबराचा वास आला, तेव्हा तो पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा असावा असे मला वाटले. घाटात असे वास येतच असतात. पण एका खड्ड्यात गाडी आदळली आणि डॅशबोर्डवरचे दिवे क्षणभर विझून पुन्हा लागले. मागच्या सीटवर सौभाग्यवती आणि सहा वर्षांचा नातू. वळणापलीकडे जागा पाहून गाडी थांबवली, बॉनेट उचलले. बॅटरी तिरकी होऊन पुढे झुकली होती. तिचे एक टोक बॉनेटच्या पत्र्याला घासत होते आणि तिथे रुपयाएवढा काळा डाग पडला होता. लाल वायरीवरचे रबर पाघळले होते.

या गाडीचे पासिंग होऊन त्या दिवशी बरोबर अठरा दिवस झाले होते! 15 वर्षे पुरी झाली म्हणून नोंदणीचे नूतनीकरण करायला मी स्वतः गेलो होतो. विमा, पीयूसी, पर्यावरण कराची पावती, सारे एका फायलीत क्रमवार लावलेले. बँकेतली सवय, दुसरे काय! तपासणीत बॉनेट उघडलेही गेले. चासी नंबर कागदाशी ताडून पाहिला गेला आणि बॉनेट बंद झाले. त्या नंबरापासून बॅटरी हातभर अंतरावर होती. ती तपासणाऱ्याने पाहिली नाही आणि शेजारी उभ्या असलेल्या मालकानेही पाहिली नाही.

तपासणाऱ्याला नावे ठेवण्याचा मला अधिकारही नाही. शाखाधिकारी असताना मी कितीतरी टेम्पो आणि जीपगाड्यांना कर्जे दिली. गाडीच्या तपासणीला जायचो तेव्हा काय पाहायचो? आरसी बुकावर बँकेचा बोजा चढला का, विम्याच्या कागदावर बँकेचे नाव आहे का, आणि दारावर ‘नजरगहाण’ ही अक्षरे ठळक रंगवली आहेत का. गाडीच्या चाकाला कधी हात लावल्याचे आठवत नाही. तारण शाबूत म्हणजे कागद शाबूत, हीच आमची समजूत.

आता ही बॅटरी म्हणजे काय प्रकरण आहे ते पाहू. मोटारीची नेहमीची बॅटरी 12 व्होल्टची. आत सहा कप्पे, शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल. 12 व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही, म्हणून आपण तिला निरुपद्रवी समजतो. पण तिची दोन टोके धातूने जोडली गेली, तर क्षणात शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो. गाडीचा सारा पत्रा निगेटिव्ह टोकाला जोडलेला असतो. त्यामुळे पॉझिटिव्ह टोक बॉनेटला टेकले की झालेच! त्यात चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. लहान गाडीची बॅटरीही दहा किलोच्या आसपास भरते. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर त्या दहा किलोंना जागेवर धरायला सुमारे 200 किलो वजनाइतका जोर लागतो. माझ्या गाडीत हे काम सायकलच्या जुन्या ट्यूबकडे सोपवलेले होते.

ती ट्यूब तिथे कशी आली? कारखान्यातून गाडी निघते तेव्हा बॅटरी ट्रेमध्ये लोखंडी पट्टीने किंवा क्लॅम्पने आवळलेली असते. बॅटरी तीन-चार वर्षांनी बदलावी लागते, म्हणजे 15 वर्षांत चार-पाच वेळा. दर वेळी दुकान वेगळे, घाई तीच. कधी नवी बॅटरी आकाराने लहान निघते आणि जुनी पट्टी बसत नाही. कधी गंजलेला बोल्ट तुटतो. मग पोऱ्या ट्यूब ताणून बांधतो आणि म्हणतो, “काका, बघा, हलत नाही!” काकाही मान डोलावतात.

खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. मालवाहू आणि प्रवासी वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पीयूसी तर फक्त धूर मोजते. म्हणजे आपल्या घरच्या गाडीची बॅटरी चार-पाच वेळा बदलते आणि तेवढ्या काळात सरकारी नजर तिच्यावर एकदा पडली तर पडली! माझा पुतण्या इंग्लंडात लेस्टरला असतो. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची. बॅटरी पक्की बसवली आहे का, हे 2012 पासून त्या तपासणीत पाहिले जाते. त्याची गाडी एकदा सैल बॅटरीवरून नापास झाली. “काका, एका क्लॅम्पसाठी परत पाठवले हो!” असे तो फोनवर कुरकुरला, तेव्हा मीही त्या लोकांना हसलो होतो.

आपल्याकडे 2021 साली स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आले. ब्रेक, दिवे, धूर यंत्राने मोजले जाणे चांगलेच. पण खरी मेख 1988च्या मोटार वाहन कायद्याच्या 190व्या कलमात आहे. धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. तो दोष मालकाला माहीत असला पाहिजे असेही नाही. साधारण काळजी घेतली असती तर जो कळला असता, असा दोषही पुरतो. ही ‘साधारण काळजी’ प्रमाणपत्राने फिटत नाही.

ती काळजी पाच मिनिटांची आहे. इंजिन बंद करून बॅटरी दोन्ही हातांनी हलवून पाहा. ती जागची हलता कामा नये. पट्टी धातूची असावी आणि टोकांपासून दूर. लाल टोकावर प्लास्टिकची टोपी हवी. टोकांवर पांढरी-निळी बुरशी दिसली, तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पुसा, मात्र हातमोजे घालून. वायरी काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. आणि नवी बॅटरी घेताना पट्टी बसेपर्यंत दुकानदाराला पैसे देऊ नका.

त्या दिवशी घाटात एका ट्रकच्या क्लीनरने ती ट्यूब कापून फेकली आणि बॅटरी तारेने आवळून दिली. चिपळूणला पोचल्यावर मी मेस्त्रीकडून पट्टी आणि दोन नवे बोल्ट बसवून घेतले. नातू शेजारी उभा राहून पाहत होता. त्याने विचारले, “आजोबा, आपली गाडी पास झाली होती ना?”

मी त्याला काय सांगणार? बॉनेटखालचा तो डाग मी अजून रंगवून घेतलेला नाही.