जुनी जीप आणि मागचे घर

अमेरिकेत सुटीला निघालेली कित्येक कुटुंबे चाकांवरचे छोटेसे घर मोटारीमागे जोडून नेतात. 2001 सालापर्यंत तेथे तयार झालेली चौकोनी जीप चेरोकी आजही या कामी जुंपली जाते. कोलोरॅडोत 3,400 मीटर उंचीवरील आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना विरळ हवेमुळे तिच्या इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश शक्ती हरपते. मग मालक इंजिनावर पैसा ओततो. आम्हांस हे पटत नाही. दोन्ही आसांची दंतचक्रे 3.55 ऐवजी 4.10 प्रमाणाची बसविली, तर तेच इंजिन चाकांना सुमारे 15 टक्के अधिक जोर देते. पेट्रोल थोडे जास्त जळेल, ते सोसावे. परंतु वाचकहो, ओझ्याची मर्यादा याने तसूभरही वाढत नाही. चढावानंतर तितकाच उतार असतो आणि गाडीत मुलेबाळे असतात. म्हणून मागच्या घराला स्वतःचे ब्रेक आधी, दंतचक्रे नंतर.