घरांतील यंत्रें : कॅमेरा बदलावा काय ?

ठाण्याच्या एका वाचकांनीं पाठविलेलें पत्र पुष्कळांस उपयोगी पडण्यासारखें असल्यामुळें या महिन्याचें सदर त्यासच वाहावें असें ठरविलें आहे. पत्रलेखक नोकरदार गृहस्थ आहेत. त्यांनीं २०१९ सालीं निकॉनचा डी३५०० हा कॅमेरा, सोबत मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटर लेन्ससह, विकत घेतला. वाढदिवस, मंगळागौर, गणपति, धाकट्याची मुंज अशा प्रसंगीं तो त्यांनीं मोठ्या हौसेनें वापरला. येत्या मार्गशीर्षांत त्यांच्या वडिलांचें सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशींचीं छायाचित्रें आपल्या हातचीं असावींत ही त्यांची इच्छा. परंतु मुंजीच्या वेळीं घरांत काढलेलीं बरींच छायाचित्रें हललेलीं आणि रवाळ आलीं, हा अनुभव अजून ताजा आहे. म्हणून बाजूस ठेवलेल्या रकमेंतून मोठ्या सेन्सरचा, ज्याला फुल फ्रेम म्हणतात तो, कॅमेरा घ्यावा असें त्यांच्या मनानें घेतलें आहे. त्यांच्या पत्नीचें म्हणणें असें कीं, त्याच रकमेंतून सासूसासऱ्यांना एकदां गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनाला नेऊन आणावें. मामंजींनीं ही इच्छा दोनदां बोलून दाखविली आहे, आणि त्यांचे गुडघे आणखी दोन वर्षें साथ देतील असें धरून चालतां येत नाहीं. पत्रलेखक आमच्याकडे निवाडा मागतात.

घरगुती निवाडा देण्याचा अधिकार आमचा नव्हे. शिवाय दोन्ही पक्ष एकाच वृद्धाच्या मायेपोटीं भांडत आहेत. परंतु यंत्राची बाजू नीट उलगडून पाहिली, तर भांडणाचें मूळ पुष्कळसें नाहींसें होईल असें आम्हांस वाटतें.

प्रथम 'पहिल्या पायरीचा कॅमेरा' या शब्दाविषयीं. हा शब्द ऐकून मालकाच्या मनांत उगाच कमीपणा उत्पन्न होतो, आणि दुकानदारास तो हवाच असतो. २००३ सालीं कॅननचा ३००डी निघाला. एक हजार डॉलरच्या आंत मिळूं लागलेला तो पहिला डिजिटल एसएलआर. त्याच्या सेन्सरवर सुमारें ६३ लाख बिंदु होते. २०१८ च्या डी३५०० वर ते २ कोटि ४२ लाख आहेत. मौज अशी कीं, त्याच कंपनीच्या २०१७ मधील, बऱ्याच वरच्या पायरीच्या डी७५०० वर ते अवघे २ कोटि ९ लाख आहेत, आणि दोहोंच्या सेन्सरचें माप जवळजवळ एकच ! वरच्या पायरीचे जादा पैसे पडतात ते बव्हंशीं हाताळण्याच्या सोयीसाठीं : एकाऐवजीं दोन चक्रें, अधिक मोठा व स्वच्छ व्ह्यूफाइंडर, फोकसचे ११ ऐवजीं ५१ बिंदु, सेकंदास ५ ऐवजीं ८ चित्रें. या सोयी खऱ्या आहेत. पण मुंजीचीं चित्रें बिघडलीं तीं त्यांच्या अभावीं नव्हेत.

चित्राच्या आकाराचीहि चिंता नको. डी३५०० चें चित्र ६००० बाय ४००० बिंदूंचें असतें. उत्तम छपाईस इंचास ३०० बिंदु धरले, तर त्यांतून २० इंच लांब व १३ इंच रुंद प्रत निघते. दिवाणखान्याच्या भिंतीवर आजोबांचें याहून मोठें चित्र लावणारीं घरें फारशीं नसावींत.

मग दुखणें कोठें आहे ? प्रकाश अपुरा पडला म्हणजे कॅमेऱ्यास दोन मार्ग उरतात. एक तर शटर अधिक वेळ उघडें ठेवावयाचें, कीं हलणारा हात चित्रांत हललेला दिसलाच. नाहीं तर आयएसओ वाढवावयाचा, कीं रवा उठलाच. लेन्समधील हात स्थिर करणारी जी व्हीआर नांवाची युक्ति आहे ती छायाचित्रकाराचा कंप सांवरते. अक्षता टाकणाऱ्या मावशीचा हात ती थांबवूं शकत नाहीं. म्हणून प्रश्न एवढाच कीं, आंत येणारा प्रकाश वाढवावा कसा.

लेन्सचें छिद्र 'एफ' या अक्षरापुढील आंकड्यानें सांगतात. आंकडा लहान तितकें छिद्र मोठें, आणि प्रकाश त्या आंकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत येतो. सोबत मिळालेली लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नाहीं. ५० मिलिमीटरची साधी, झूम नसलेली लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते. ५.६ ला १.८ नें भागावें, ३.१ येतात, त्यांचा वर्ग सुमारें ९.७. म्हणजे तीच खोली, तोच दिवा, तोच कॅमेरा, आणि प्रकाश जवळजवळ दहापट ! जेथें शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडें राहत होतें तेथें आतां सव्वाशेवा भाग पुरतो.

याच्या शेजारीं फुल फ्रेमचा हिशेब मांडून पाहूं. त्या सेन्सरचें माप ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ८६४. डी३५०० चें २३.५ बाय १५.६, म्हणजे सुमारें ३६७. मोठा सेन्सर सव्वादोनपटीहून थोडा अधिक प्रकाश गोळा करतो, फायदा एवढाच. तोहि समान छिद्राची लेन्स लाविली तर. निकॉननें २०२० मध्यें काढलेल्या झेड५ या फुल फ्रेम कॅमेऱ्यासोबत २४-५० मिलिमीटरची जी लेन्स मिळे, ती लांबच्या टोकास एफ/६.३ पर्यंतच उघडते. सेन्सरनें मिळविलेल्यांतलें कांहीं लेन्सनें घालविलें, आणि गृहस्थ मोठी रक्कम मोजून पुन्हां मुंजीच्याच चित्रांपाशीं येऊन बसले : पहिले पाढे पंचावन्न. मोठ्या सेन्सरचा खरा लाभ मोठ्या छिद्राच्या लेन्ससहच मिळतो, आणि त्या लेन्स विकत घेतांना बॉडीच्या किंमतीची पुनः आठवण होते.

म्हणून आमची स्पष्ट सूचना अशी कीं, बॉडी तीच ठेवून एक लेन्स घ्यावी. कोणती, तें खोलीवर अवलंबून आहे. या सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स दृश्य बरेंच जवळ आणते. एकट्या वृद्धाच्या चेहऱ्यास ती फार शोभते, परंतु फ्लॅटमध्यें मागें सरूं गेलें कीं भिंत पाठीस लागते, आणि चारचौघांस एका चित्रांत बसवितां येत नाहीं. घरासाठीं ३५ मिलिमीटर एफ/१.८ अधिक सोयीची. घेतांना एक खबरदारी अवश्य घ्यावी. डी३५०० च्या बॉडींत फोकस फिरविणारी मोटर नाहीं. ती लेन्समध्येंच असावी लागते. अशा लेन्सवर 'एएफ-एस' हीं अक्षरें असतात. '५० मिलिमीटर एफ/१.८ डी' ही जुनी लेन्स स्वस्तांत पुढें केली जाईल. ती कॅमेऱ्यास बसेलहि, परंतु फोकस हातानें करीत बसावें लागेल, आणि तोंवर ओवाळणें आटोपलेलें असेल.

मोठ्या छिद्राचा एक त्रास आहे, तो सांगितला पाहिजे. छिद्र जितकें मोठें तितकी स्पष्ट दिसणारी पट्टी अरुंद. दीड मीटरवरून ५० मिलिमीटर लेन्सनें एफ/१.८ वर चित्र घेतलें तर ही पट्टी सहा-साडेसहा सेंटिमीटरच भरते. पुष्कळ घरीं या समारंभांत ८१ दिव्यांनीं ओवाळण्याची चाल आहे. तबकावर फोकस बसला तर दिवे रेखीव व आजोबा धुक्यांत, अशी अवस्था व्हावयाची. उपाय सोपा आहे. अडीच मीटर मागें सरावें आणि छिद्र एफ/२.८ ठेवावें, पट्टी सव्वा वितीच्या जवळपास जाते. फोकसचा मधला बिंदु वडिलांच्या डोळ्यावर धरावा. दिवे किंचित मऊ आले तर बिघडत नाहीं. एफ/२.८ वर सुद्धां प्रकाश जुन्या लेन्सच्या चौपट आहे. आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत नेण्यास भिऊं नये. छापील प्रतींत रवा पडद्यावर दिसतो तितका दिसत नाहीं. मात्र ओवाळण्याच्या वेळीं कॅमेऱ्याच्या डोक्यावरील लहानसा फ्लॅश उघडूं नये. तो पेटला कीं ८१ दिव्यांचें सोनें क्षणांत पांढरें होतें, आणि भिंतीवर आजोबांच्या मागें एक काळा आजोबा उभा राहतो.

असें असेल तर वरच्या पायरीस कधीं जाऊंच नये काय ? तसें आमचें म्हणणें नाहीं. 'मला अमुक चित्र हवें होतें. चांगली लेन्स, पुरेसा प्रकाश व पुरेसा सराव असूनहि या बॉडीनें तें दिलें नाहीं,' असें नेमकें बोट ठेवतां येत असेल, तर बदल अवश्य करावा. मुलगी कबड्डी खेळते, आणि चढाईच्या ऐन क्षणीं फोकसचे ११ बिंदु तिच्यामागें धांवूं शकत नाहींत : हें कारण खरें. गाण्याच्या बैठकींचीं चित्रें घेण्याचा नाद आहे, आणि तानपुरे लागलेले असतां आरशाची खट्‌खट् श्रोत्यांच्या कपाळावर आठी आणते : हेंहि खरें. मिररलेस कॅमेऱ्यांत आरसाच नसतो, व बहुतेकांचें शटर अगदीं निःशब्द चालवितां येतें. फक्त एलईडी दिव्यांखालीं त्या मूक शटरनें चित्रावर आडवे पट्टे येण्याचा संभव असतो, तो आधीं पाहून घ्यावा. नातवंडांचे चेहरे मोठ्या छिद्रावर टिपावयाचे असतील, तर डोळा ओळखून त्यावरच फोकस धरणारे मिररलेस कॅमेरे डी३५०० च्या खरोखरच पुढें आहेत. आणि ज्यांस वडिलांच्या आठवणी त्यांच्या आवाजांत ध्वनिचित्रित करावयाच्या आहेत त्यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, डी३५०० ला बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोयच नाहीं. मात्र तेवढ्यासाठीं कॅमेरा बदलूं नये. खिशांतला फोन वडिलांजवळ ठेवून आवाज निराळा घ्यावा व मागाहून जुळवावा.

बदल करावयाचाच झाला तर दिशा कोणती, हेंहि ठरलेलें असावें. निकॉन व कॅनन या दोन्ही कंपन्यांनीं २०१८ पासून आपलें लक्ष मिररलेसकडे वळविलें, आणि डी३५०० चें उत्पादन केव्हांच बंद झालें. त्यामुळें एका आरशाच्या कॅमेऱ्यावरून दुसऱ्या, अधिक महाग आरशाच्या कॅमेऱ्यावर नव्यानें उडी घेण्यांत आम्हांस फारसा अर्थ दिसत नाहीं. आज घेतलेली एएफ-एस लेन्स मात्र वायां जात नाहीं. निकॉनच्या झेड मालिकेच्या कॅमेऱ्यास एफटीझेड नांवाचा अ‍ॅडॉप्टर लाविला कीं ती त्यावर स्वयंचलित फोकससह चालते. जुनी बॉडी झिजेल ही भीतीहि नको. या वर्गाच्या शटरचें आयुष्य सुमारें एक लाख वेळां धरतात, आणि वर्षास चार हजार चित्रें काढणाऱ्यास तें पंचवीस वर्षें पुरेल.

राहिला पैशाचा प्रश्न. अशी एक लेन्स लेन्ससह फुल फ्रेमच्या किंमतीचा लहानसा अंश घेते. उरलेल्या रकमेंत गुहागर सहज बसतें. चिपळूणपर्यंत रेल्वे आहे, पुढें मोटारीनें जावें, म्हणजे गुडघ्यांस फार त्रास होणार नाहीं. पत्रलेखकांच्या ध्यानांत न आलेली एक गोष्ट येथें सांगतों. त्यांच्या हातीं असलेला कॅमेरा व ती सोबतची लेन्स ज्या ठिकाणीं उत्तम काम देते, तें ठिकाण म्हणजे उघडा उजेड. गुहागरच्या किनाऱ्यावर सकाळीं, सुरूच्या बनाच्या कडेला, एफ/८ वर घेतलेलें आईवडिलांचें चित्र आणि महागड्या कॅमेऱ्यानें घेतलेलें चित्र यांच्या छापील प्रती शेजारीं ठेवल्या, तर कोणती कशाची हें ओळखणें पुष्कळांस जड जाईल. तेव्हां सूनबाईंची मागणी कॅमेऱ्याच्या आड येत नाहीं. उलट त्याला हवें तें काम देते. जावयाचें तें समारंभाच्या आधीं जावें. पावसाळा सरल्यावर, कार्तिकांत, कोंकणांतील हवा बरी असते.

लेन्स आली कीं तिचा सराव समारंभाच्या पूर्वीं महिनाभर तरी करावा. संध्याकाळीं देवापुढें दिवा लागला म्हणजे खोलींतील मोठे दिवे मालवावे, घरांतील कोणास तरी पाटावर बसवावें, दुसऱ्यानें तबक घेऊन ओवाळावें, आणि एफ/१.८, २ व २.८ वर दहा-दहा चित्रें घेऊन तीं पडद्यावर मोठीं करून तपासावींत. कोणत्या अंतरावर डोळे स्वच्छ येतात, शटर किती ठेवलें म्हणजे ओवाळणारा हात थांबतो, हें कागदावर टिपून ठेवावें. समारंभाचें स्थळ कार्यालय असेल तर तेथेंहि एकदां आधीं जाऊन दिवे कसे आहेत तें पाहून यावें. एक जादा बॅटरी व एक जादा कार्ड बरोबर असूं द्यावें. त्याच सरावांत एखाद्या भाच्यास किंवा पुतण्यास हाताशीं धरून कॅमेरा शिकवावा. कारण घरचा छायाचित्रकार घरच्या एकाहि चित्रांत नसतो, आणि त्या दिवशीं निदान ओवाळण्याच्या वेळीं तरी मुलानें कॅमेरा भाच्याच्या हातीं देऊन वडिलांच्या शेजारीं जाऊन बसावें.