पावती फाटेल त्याच रस्त्याला पैसा

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर सकाळी दुकाने उघडतात तेव्हाच समोरची जागा भरून जाते, आणि ती बहुतांशी मालक-नोकरांच्या दुचाकींनी. लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब गल्लीबोळांत चकरा मारते आणि पुढच्या वेळी मॉल गाठते. गिऱ्हाईक तुटल्याची व्यापाऱ्यांची तक्रार खरी आहे; पण त्या गिऱ्हाइकाची जागा बाजारानेच अडवली आहे.

कॅलिफोर्नियातल्या ओल्ड पॅसाडेना या पडझडीला आलेल्या बाजारपेठेतही हेच चालले होते. रस्त्याकडेला दोन तास पार्किंग फुकट होते. दुकानातली माणसे दंड चुकवण्यासाठी दर दोन तासांनी गाडी पुढेमागे करत. पार्किंगचे पैसे घेणारे मीटर बसवायचे म्हणताच व्यापारी खवळले. अखेर नगरपालिकेने शब्द दिला, की मीटरचा पैसा याच बाजारावर खर्च होईल. विरोध मावळला. १९९३ मध्ये तासाला एक डॉलर दर लागू झाला, तोही संध्याकाळी आणि रविवारीसुद्धा. येणाऱ्या उत्पन्नाच्या भरवशावर पालिकेने ५० लाख डॉलर उभे केले. त्यातून पदपथ नवे झाले, दिवे आणि झाडे आली, मागच्या घाणेरड्या बोळांच्या पायवाटा झाल्या. २००१ मध्ये मीटरचे निव्वळ उत्पन्न १२ लाख डॉलर होते आणि बाजार गजबजलेला होता.

याउलट लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड व्हिलेज या बाजारात १९९४ मध्ये गिऱ्हाइकासाठी मीटरचा दर निम्मा करण्यात आला. उतरती कळा थांबली नाही. या दोन्ही बाजारांचा अभ्यास करणारे प्राध्यापक डोनाल्ड शूप सांगत, की दर असा हवा की प्रत्येक गल्लीत एक-दोन जागा नेहमी मोकळ्या मिळाव्यात.

पुण्याच्या महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. विरोध होताच ते मोजक्या रस्त्यांपुरते उरले आणि तिथेही रखडले. लोकांचा अविश्वास समजण्यासारखा आहे. पावतीचा पैसा ठेकेदाराकडे नाहीतर पालिकेच्या तिजोरीत गडप होतो आणि उखडलेली फरशी तशीच राहते. शिवाय आपल्याकडे बाजारात चालत, बसने येणारे कितीतरी आहेत. त्यांना फरशी आणि सावली आधी हवी.

महापालिकेने लक्ष्मी रस्त्यापासून सुरुवात करावी. पार्किंगच्या पैशाचे वेगळे खाते उघडावे, त्याच्या देखरेखीत व्यापारी संघटनेला आणि रहिवाशांना बसवावे आणि जमाखर्चाचा फलक दर महिन्याला त्याच रस्त्यावर लावावा. पहिल्या जमेतून स्वच्छतागृह आणि सलग पदपथ व्हावा, तोही दिवाळीच्या खरेदीआधी.